'ईव्हिल एम्पायर'ची वही, नोंद 5: टॉगलवर हात बसायला लागला

मागच्या नोंदीला सहा आठवडे झाले. रेज अगेन्स्ट द मशीन या अमेरिकन रॅप-रॉक बँडच्या 'ईव्हिल एम्पायर' या दुसऱ्या अल्बममधली सगळीच्या सगळी 11 गाणी गिटारवर बसवायची असं ठरवलं होतं. त्यातली चार आता मूळ रेकॉर्डिंगबरोबर सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजतात: 'पीपल ऑफ द सन', 'व्हिएतनाऊ', 'टायर मी' आणि 'इयर ऑफ द बूमरँग'. बाकीच्यांचे तुकडे तयार आहेत, सांधे जुळायचेत. पण खरं सांगायचं तर हे सहा आठवडे एकाच जागी गेले, 'बुल्स ऑन परेड'च्या सोलोत. तेव्हा आज त्याबद्दलच लिहिते.

सोलो म्हणायचा, पण डावा हात फ्रेटबोर्डवर नसतोच. डीजे तबकडी घासतो तसा आवाज येतो आणि तो सगळा गिटारमधून येतो. 1992 च्या पहिल्या अल्बमसोबतच्या माहितीत बँडने छापलंच होतं की यात सॅम्पल, कीबोर्ड, सिंथेसायझर काही वापरलेलं नाही. 1996 च्या या दुसऱ्या अल्बममध्ये गिटारवादक टॉम मोरेलो त्याच वाटेवर आणखी पुढे गेला. रॅप आहे, डीजे नाही. मग ते काम गिटारवाल्याने अंगावर घेतलं.

कृती अशी. तारांचं कंपन पकडणाऱ्या दोन पिकअपपैकी एकाचा व्हॉल्यूम शून्यावर, दुसऱ्याचा पूर्ण. मधला टॉगल स्विच इकडे टाकला की आवाज, तिकडे टाकला की शांतता. आता एक हात पिकअपच्या वर, तारांवर घासायचा आणि दुसऱ्या हाताने स्विच खटखटवायचा. घासण्याचा आवाज मुळात अगदी बारीक असतो, पण अँप चांगला तापवलेला, म्हणजे त्याचा गेन चढवलेला असला की तो खरखरीत आणि मोठा होतो. पायाने चालवायचं वाह पेडल त्यातली कंपनसंख्यांची एक ठरावीक पट्टी वर उचलतं आणि तिथेच तबकडीचा भास होतो. खरखर येते ती जाड, गुंडाळलेल्या तारांवरून. खालच्या तीन साध्या तारांवरून बोट नुसतं घसरतं. हे मला चौथ्या दिवशी कळलं, तोवर मी सहाही तारांवर तळवा फिरवत होते.

माझ्या गिटारला दोन हंबकर (दुहेरी कॉइलचे पिकअप), पण व्हॉल्यूमचा नॉब एकच. या सोलोसाठी तो मोठा अडसर. म्हणून टोनचा नॉब काढून त्या जागी दुसरा व्हॉल्यूम बसवून घेतला. टोन गेला याचं जराही वाईट वाटत नाही. तुमच्याकडे लेस पॉल पद्धतीची, प्रत्येक पिकअपला वेगळा व्हॉल्यूम असलेली गिटार असेल तर काहीच करायला नको. पावसाळ्यात स्विच करकरायला लागला होता. काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून पाचपन्नास वेळा इकडून तिकडे केला, मोकळा झाला. तारा मात्र महिन्याभरातच गंजून खरबरीत झाल्या. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसायचा आळस करू नका.

एवढी सगळी तयारी होऊनही पहिले तीन आठवडे नुसता गोंगाट निघत होता. दोन्ही हात एकाच वेगाने पळायचे. घास आणि खट, घास आणि खट. धाकटा भाऊ तबला शिकतो. तो दारात उभा राहून ऐकत होता.

"ताई, तू दोन्ही हातांनी एकच बोल वाजवतेयस. बायाँ आणि दायाँ वेगळे असतात ना?"

त्या एका वाक्याने काम केलं. तबकडीवाल्याचा एक हात तबकडीवर असतो, दुसरा आवाज चालू-बंद करणाऱ्या सरकत्या कळीवर, म्हणजे फेडरवर. तबकडीचा हात ओढतो, फेडरचा हात कापतो. इथे माझा डावा हात तबकडी, उजवा हात फेडर. मग मेट्रोनोम मिनिटाला 50 ठोक्यांवर ठेवला. डाव्या हाताची एका मात्रेला एकच लांब ओढ, आणि उजवा हात त्या ओढीचे 'ति-र-कि-ट' असे चार तुकडे करतो. तोंडाने बोल म्हणत. तीन दिवस फक्त एवढंच केलं, वाह पेडलला हातही, म्हणजे पायही, लावला नाही. चौथ्या दिवशी चारातला एक तुकडा गाळायला लागले, कधी 'र', कधी 'ट'. आणि गाळलेल्या जागी ते ऐकू आलं! ज्याला आपण स्क्रॅच म्हणतो ते त्या रिकाम्या जागेत आहे. आता 76 पर्यंत स्वच्छ जातं. मूळ गती अजून थोडी वर आहे.

ट्यूनिंगबद्दल: हे गाणं अर्ध्या सुराने खाली लावलेल्या तारांवर आहे. तारा थोड्या सैल होतात, हाताखाली जास्त हलतात, म्हणून घासताना दाब कमी लागतो. 10-46 चा संच (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) लावला आहे, पुढच्या वेळी 11 चा लावून बघणार.

सोलोसाठी कमावलेला हात बाकीच्या गाण्यांतही लागतो. पहिल्या अल्बममध्ये रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गिटारची ओळ, मोठी, छाती पुढे काढून येणारी. दुसऱ्यात, ब्रेंडन ओब्रायनच्या निर्मितीत, गिटार कोरडी आहे, बरेचदा मागे उभी राहते आणि टिम कॉमरफर्डचा बेस व ब्रॅड विल्कचे ड्रम गाणं ओढून नेतात. बरेच जण त्यामुळे पहिला अल्बम वरचा मानतात. वाजवायला बसल्यापासून माझं मत उलट झालंय. इथे चुकीच्या जागी एक तार जरी वाजत राहिली तरी गायक झॅक डे ला रोचाच्या ओळीखालची जागा भरून जाते आणि शब्दांची धार जाते. 'टायर मी' हे त्याचं उत्तम उदाहरण. याच गाण्याला पुढे मेटलचं ग्रॅमी मिळालं, पण माझी सगळी मेहनत त्यात तारा दाबून गप्प करण्यात गेली. 

'पीपल ऑफ द सन' जेमतेम अडीच मिनिटांचं, म्हणून ते आधी हातात आलं. पण त्याचा राग समजायला मला चियापासबद्दल वाचावं लागलं. मेक्सिकोच्या त्या भागात 1 जानेवारी 1994 ला, अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोचा नाफ्टा हा मुक्त व्यापार करार लागू झाला त्याच दिवशी, झपातिस्तांनी, म्हणजे तिथल्या मूलनिवासी बंडखोरांनी, उठाव केला. डे ला रोचा तिथे जाऊन आला होता. हे कळल्यावर त्या रिफकडे घाईने जाणं बंद झालं. आता ती जरा जड हाताने वाजवते आणि तशीच ती बरोबर बसते.

पुढचा टप्पा 'रिव्हॉल्व्हर'. त्यातला हळू, दबका भाग आणि एकदम फुटणारा भाग यांत पेडल बदलायला मला अर्धा ठोका उशीर होतोय. कोणी व्हॉल्यूम नॉबनेच ते साधत असेल तर नॉब कितीवर ठेवता ते नक्की सांगा. माझ्याकडे 4 वर गेन पुरेसा उतरत नाही आणि 3 वर आवाजच बसतो.