तुम्ही विचारलंत म्हणून: घरात असताना दाराला कुलूप लावावे का?

नाशिकला रविवार कारंज्याजवळच्या आमच्या हार्डवेअरच्या दुकानात कुलूप घ्यायला आलेले गिऱ्हाईक पैसे देऊन झाल्यावर, पिशवी हातात घेतल्यावर, निघता निघता थांबते आणि आवाज थोडा खाली आणून विचारते, "काका, घरात असतानाही लावून ठेवावं का हो?" गेली तेहतीस वर्षे मी हा प्रश्न ऐकतो आहे. दुकानात गर्दी असली की "लावा, लावा" म्हणून मी मोकळा होतो. पण ते उत्तर अर्धे आहे, आणि अर्धे असल्यामुळे एखाद्या घरात ते अंगाशीही येऊ शकते. म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

माझे म्हणणे असे आहे की घरात माणसे असली तरी दार बंद असावे, त्याला आतून कडी किंवा लॅच लागलेला असावा. मात्र आत माणसे असताना किल्लीवाचून उघडणार नाही असे कुलूप त्या दारावर कधीही नसावे. बोलताना आपण कडी लावणे आणि कुलूप लावणे यांत फरक करत नाही, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. कडी बाहेरच्याला अडवते. आतून घातलेले कुलूप बाहेरच्याला अडवतेच, पण किल्ली हाताशी नसली तर आतल्यालाही अडवते.

आधी बाहेरच्याविषयी. मराठी वर्तमानपत्रांतल्या चोरीच्या बातम्या बारकाईने वाचणाऱ्याला दोन ठरावीक शब्दप्रयोग पाठ झालेले असतात. एक म्हणजे 'कडी-कोयंडा तोडून' आणि दुसरा म्हणजे 'उघड्या दरवाजावाटे घरात प्रवेश करून'. पहिली बातमी बहुतेक वेळा गावाला गेलेल्या माणसांच्या घराची असते. बाहेरून लटकणारे कुलूप म्हणजे घरात कोणी नसल्याची पाटीच. दुसरी बातमी मात्र घरात असलेल्या माणसांची असते. कोणी आत झोपलेले असते, कोणी गच्चीवर कपडे वाळत घालत असते, कोणी दूध घ्यायला म्हणून उठून दार नुसते लोटून पुन्हा आडवे झालेले असते, आणि दाराजवळ चार्जिंगला लावलेला मोबाईल, टीपॉयवरचे पाकीट, खुंटीवरची पर्स एवढेच जाते. त्यासाठी कटावणी लागत नाही आणि धाडसही फारसे लागत नाही. कोणी हटकलेच तर "देशपांडे इथंच राहतात का?" असे विचारून जिना उतरता येतो.

नाशिककरांसाठी यात घंटागाडीची भर आहे. सकाळी गाडीचे गाणे ऐकू आले की डबा उचलून आपण तसेच पळतो. परत येईपर्यंत दार एक तर सताड उघडे असते किंवा वाऱ्याने आपटून लॅच लागलेला असतो आणि किल्ली आत असते. दुसऱ्या प्रकारची माणसे नंतर माझ्याकडे येतात, चिडलेली असतात आणि लॅच काढूनच टाकायचा म्हणतात. त्यांना मी घंटागाडीच्या डब्याच्या कडीतच एक जादा किल्ली अडकवून ठेवायला सांगतो. हसतात, पण करतात.

उघडे दार आणि बंद दार यांत कायदाही फरक करतो. घरफोडी म्हणजे काय हे सांगताना 1860 च्या भारतीय दंड संहितेने उदाहरणे दिली होती, आणि दाराच्या भोकातून तार घालून आतली खिट्टी उचलणे हे त्यांतले एक. दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्याला खिट्टीची ही युक्ती ठाऊक होती, याचे मला माझ्या धंद्यामुळे विशेष कौतुक वाटते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही घरफोडीची कल्पना तीच आहे: बंद केलेले दार उघडून, कुलूप उघडून किंवा माणसाच्या येण्याजाण्यासाठी नसलेल्या वाटेने शिरणे. सताड उघड्या दारातून चोरीसाठी आत आलेला माणूस चोर असतो, गृह-अतिक्रमण करणारा असतो, त्याला शिक्षाही होते. पण ती घरफोडी ठरत नाही. ज्यांनी विमा उतरवला आहे त्यांनी तर हे जरूर लक्षात घ्यावे. पॉलिसीत घरफोडीची व्याख्या बळजबरीने केलेला प्रवेश अशी असेल तर केवळ चोरी झाली म्हणून भरपाई मागता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली दिलेला आहे. कागद काढून ती ओळ एकदा वाचावी.

आता ज्यांना हे सगळे पटत नाही त्यांच्याविषयी, कारण त्यांत माझी आईही होती. आमचे बालपण तिवंधा चौकाजवळच्या वाड्यात गेले. रस्त्यावरचे मोठे दार, त्याला दिंडी म्हणजे छोटे दार, आत पहाऱ्याची देवडी, मग चौक आणि चौकाभोवती सात बिऱ्हाडे. त्या सातांपैकी एकाही बिऱ्हाडाचे दार दिवसा बंद नसे. म्हणून लोक म्हणतात, "पूर्वी कुठे कोणी कड्या लावत होतं?" हे अर्धसत्य आहे. बिऱ्हाडांची दारे उघडी असत, कारण वाड्याचे दार रात्री बंद होत असे, आणि तेही कसे, तर अडसराने. भिंतीच्या जाडीत सरकवून ठेवलेला तो सागवानी वासा बाहेर ओढून दुसऱ्या बाजूच्या खोबणीत बसवायला मला दहाव्या वर्षापर्यंत दोन्ही हात लागत. दिवसा देवडीत कोणी ना कोणी बसलेले असे, नवखा माणूस चौकापर्यंत पोहोचण्याआधी त्याला तीन जण तरी "कोण पाहिजे?" विचारत. वाड्याला कुलूप नव्हते, पण पहारा होता, आणि अडसराला किल्ली नव्हती हे तर मला फार पुढे उमगले. आग लागो, पूर येवो, आतला कोणीही तो अंधारात ओढू शकत असे.

सिडकोत राहायला गेल्यावर आईने तिन्हीसांजेचे दार काही सोडले नाही. दिवेलागणीला लक्ष्मी येते, तेव्हा पुढचे दार उघडे आणि मागचे बंद, हा तिचा नेम. मी दार लोटले की ती उठून उघडायची, मी पुन्हा लोटायचो. शेवटी जाळीचे दार बसवले तेव्हा भांडण मिटले. आतले लाकडी दार उघडे, बाहेरच्या जाळीला आतून कडी, वारा येतो, उंबरठ्यावरचा दिवा दिसतो. लक्ष्मीला जाळीतून यायला अडचण नसावी, असे आईने स्वतःच ठरवून टाकले. आज दिवसाच्या वेळेसाठी मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हाच उपाय सांगतो. दागिने पॉलिश करून देतो म्हणणारा, गॅस तपासायला आलो म्हणणारा, कोणाशीही बोलायचे ते जाळीच्या आतून बोलावे. गंगापूर रोडकडच्या आणि मखमलाबादकडच्या लोकांना दार लोटण्याचे आणखी एक कारण आहे. जानेवारी 2019 मध्ये सावरकरनगरात बिबट्या भरवस्तीत शिरला होता, आणि बिबट्या बेल वाजवत नाही.

आता आतल्याविषयी, म्हणजे कुलूप नको का म्हणतो त्याविषयी. सिडकोतल्या त्या घराच्या दाराबाहेर लोखंडी चॅनेल गेट होते. शेजारच्या गल्लीत चोरी झाल्यापासून वडील रात्री त्याला आतून कुलूप घालू लागले. कुलूप आमच्याच दुकानातले, चांगले सात लिव्हरचे. किल्ली स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला, सात किल्ल्यांच्या जुडग्यात. एका पावसाळी रात्री फ्रिजचा स्टॅबिलायझर जळाला. आधी वास आला, मग दिवे गेले, आणि धूर सगळा स्वयंपाकघरात. सौभाग्यवती ओला टॉवेल तोंडाला लावून आत गेली, जुडगा हाती लागला पण तो खाली पडला, आणि मग मी गेटपाशी उभा राहून अंधारात एकेक किल्ली लावत बसलो. पाठीशी आई, वडील आणि दोन वर्षांचा मुलगा. कुलपे विकणारा माणूस स्वतःच्या कुलपात किल्ली शोधत होता. शेजारी म्हणतात चार-पाच मिनिटे गेली असतील. आग पसरली नाही, एवढेच आमचे नशीब. दुसऱ्या दिवशी त्या गेटला मी आतून सरकणारी कडी बसवली, आणि बाहेरून हात घालून ती उघडता येऊ नये म्हणून कडीभोवती पत्रा मारला.

राष्ट्रीय इमारत संहितेची 2016 ची आवृत्ती सुटकेच्या वाटेवरील दारांविषयी हेच सांगते: बाहेर पडणाऱ्याला आतल्या बाजूने ते किल्लीशिवाय उघडता आले पाहिजे. घरात सिलिंडर असतो, इन्व्हर्टरची बॅटरी असते, आता तर कित्येकांकडे रात्रभर चार्जिंगला लावलेली दुचाकीची बॅटरीही असते. यांपैकी काही पेटले तर पहिल्या काही मिनिटांत दार उघडणे हेच सगळ्यांत मोठे काम असते.

एवढे सांगून झाले की लोक म्हणतात, मग आतून वर एक आणि खाली एक टॉवर बोल्ट लावतो. घरात चार माणसे असतील तर अवश्य लावा. एकट्या राहणाऱ्या वृद्ध माणसाचे मात्र वेगळे आहे. पंचवटीत राहणारी माझी मावशी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी न्हाणीघरात पडली. तिच्या लॅचची एक किल्ली शेजाऱ्यांकडे होती, आणि ती काहीच कामाची नव्हती, कारण मावशीने वरचा आणि खालचा दोन्ही बोल्ट सारलेले होते. सुतार येऊन पटाशी लावेपर्यंत पाऊण तास गेला आणि त्या पाऊण तासात ती आतून ओरडून एकच सांगत होती, "दार तोडू नका रे, सागवानी आहे!" खुब्याचे हाड मोडलेले होते. पुढे मी ते दोन्ही बोल्ट काढले आणि असा लॅच बसवला की आतून चिमटीने खटका फिरवला की त्याचा दांडा दोनदा पुढे सरकतो आणि बाहेरून तो किल्लीने उघडतो. काही मॉर्टिस कुलपांत, म्हणजे दाराच्या जाडीत बसवलेल्या कुलपांत, आतल्या भोकात किल्ली राहिली तर बाहेरची किल्ली फिरत नाही, म्हणून घेण्याआधी दुकानदाराला हे विचारावे, आणि त्याला सांगता आले नाही तर दुकान बदलावे. किल्ली शेजारच्या विश्वासू घरी द्यावी. कुंडीखाली किंवा पायपुसण्याखाली ठेवू नये, कारण तिथे सगळेच बघतात.

कडी लावतो म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची कडी प्रत्यक्षात लागतच नाही, हेही सांगायला हवे. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा. लाकडी दार आकसते. पावसाळ्यात तेच दार फुगते. बोल्ट आणि त्याचे भोक यांची गाठ पडेनाशी होते, मग माणूस दोन दिवस जोर लावतो आणि तिसऱ्या दिवसापासून नाद सोडतो. सुताराला बोलावून भोक कानसीने थोडे वाढवून घेतले की काम होते. दुसरी गोष्ट स्क्रूची. चोर कुलूप सहसा फोडत नाही. तो कोयंड्याखाली कटावणी घालून कोयंडा चौकटीतून उपटतो, आणि तो पाऊण इंची स्क्रूवर बसवलेला असेल तर उपटायला एक हिसका पुरतो. अल्ड्रॉपसाठी, म्हणजे बाहेरून कुलूप घालायच्या सरकत्या कडीसाठी, आरपार नट-बोल्ट मागावेत, नट आतल्या बाजूला यावेत, आणि चौकटीत दोन इंची स्क्रू जावेत. आठशे रुपयांचे कुलूप घेणारी माणसे स्क्रू मात्र डब्यात पडलेले जुनेच वापरतात, हे मला अजूनही समजलेले नाही.

मागच्या आठवड्यात इंदिरानगरहून एक बाई आल्या. रात्रपाळीला जाणारा नवरा, घरी दोन लहान मुले, आणि जाळीच्या दाराला रात्री आतून लावायला भक्कम कुलूप हवे म्हणाल्या. मी त्यांना कुलूप दिले नाही. आतून सरकणारी कडी, तिच्याभोवती मारायचा पत्रा आणि दोन इंची स्क्रूची पुडी दिली, आणि कडी मोठ्या मुलाच्या हाताला पोहोचेल एवढ्या उंचीवर बसवा असे सांगितले. बिल कुलपाच्या निम्म्याहून कमी झाले. गल्ल्यावर बसलेला माझा मुलगा, तोच जो त्या रात्री दोन वर्षांचा होता, त्या गेल्यावर म्हणाला, "बाबा, गिऱ्हाईक कुलूप मागत होतं."