डावा कान, उजवा कान

दुपारी इयरफोनवर गाणी ऐकताना बाबांनी जाहीर केलं, "डाव्या कानाने कमी ऐकू येतंय, वय झालं." आई लगेच कानाच्या डॉक्टरांचा नंबर शोधायला लागली. बाबांचा बेत वेगळाच, पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत जाऊन नवे इयरफोन आणायचे. कोथरूडहून भर उन्हात!

म्हटलं, आधी इयरफोन उलटे घाला. डाव्याचा उजव्या कानात, उजव्याचा डाव्यात. घातले, तर आता उजव्या कानात आवाज बारीक. म्हणजे कान ठणठणीत! मग तेच इयरफोन माझ्या फोनला लावले, दोन्हीकडे आवाज सारखा. उरला बाबांचा फोन.

अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' असतं, त्यात आवाजाच्या पर्यायांत डावी-उजवीकडची एक पट्टी. प्रत्येक कंपनी ती वेगळ्या कोपऱ्यात लपवते. बाबांची पट्टी जवळजवळ उजव्या टोकाला. अक्षरं मोठी करायला गेले असणार, तेव्हा बोट लागलं. मधोमध आणली, काम झालं. आयफोनमध्येही ॲक्सेसिबिलिटीतच 'ऑडिओ अँड व्हिज्युअल'खाली हे सापडतं.

तिथेच 'मोनो ऑडिओ'ही आहे. एका कानाने खरंच कमी ऐकू येत असेल तर तो चालू करावा, दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन मिळतो. आणि बिघाड इयरफोनमध्येच निघाला तर आधी जाळीतला मळ बघा. कोरडा, मऊ टूथब्रश पुरतो. टाचणी मात्र खुपसू नका.

बाबा तपकीर गल्लीत गेलेच. म्हणे, चार्जरची वायर हवी होती.