घाट सोडून नदीच्या वाटेने

मी वाईत टुरिस्ट गाडी चालवतो. बाहेरच्या बऱ्याच लोकांना वाई म्हणजे महाबळेश्वरच्या वाटेवरचं चहाचं गाव वाटतं. गाडी पसरणी घाटाला लागते आणि कृष्णा खालीच राहून जाते. मला याचं फार वाईट वाटतं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत लातूरकडचं एक कुटुंब गाडीत होतं. नवरा-बायको, दोन मुलं आणि सत्तरी ओलांडलेले आजोबा. घाटातली गाड्यांची रांग पार पायथ्याला आलेली. मी म्हटलं, "दादा, इथं तीन तास जातील. त्यापेक्षा नदीकाठ दाखवतो." ते नाखूश, मुलं रडायच्या बेतात. मागून आजोबा म्हणाले, "वळव गाडी."

गणपती घाटावर सगळे ढोल्या गणपतीच्या दर्शनाला गेले. गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली बांधलेलं देऊळ, आत एकाच दगडातली भव्य मूर्ती. दर्शन झालं, फोटो झाले, पण आजोबा दिसेनात. सापडले देवळामागे, भिंतीवर तळवा टेकून उभे. ही मागची भिंत माशाच्या आकाराची, टोकाला निमुळती आहे. पुराचं पाणी तिच्यावर येऊन दोन्हीकडे फुटतं, हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो. पण ती घडवणाऱ्याच्या डोळ्यांनी बघणारा माणूस पहिल्यांदाच भेटला.

"जन्मभर पाथरवटकी केली मी," ते म्हणाले. "सपाट भिंत असती तर पाण्यानं धडका मारमारून पाडली असती. यानं दगडाला धार दिली, म्हणजे पाणी आपणच बाजूला होतंय. आणि सांधे बघ." नातवंडांना हाक मारून त्यांनी फटीत नख घालायला लावलं. नख काही जाईना. मग ती पोरं प्रत्येक दगडाचा सांधा तपासत सुटली. सूनबाईंनी मोबाईल पर्समध्ये टाकला. त्या भिंतीपाशी आमचा तासभर गेला असेल, आणि तो जायलाच हवा होता.

पुढे उसाच्या शेतांतून मेणवली. औंधच्या प्रतिनिधींनी १७६८ साली हे गाव नाना फडणवीसांना इनाम दिलं. नानांच्या वाड्यामागे चंद्रकोरीसारखा घाट आहे, आणि तिथल्या छोट्या मंडपात १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा. मुलं घंटेवरची मेरी आणि बाळ येशू शोधत होती, आजोबा पायऱ्यांचा उतार न्याहाळत होते. धोमला नरसिंहाच्या देवळाजवळ तर ते खालीच बसले. तिथला नंदी कमळाच्या पाकळ्यांसारख्या काठाच्या कुंडात, कासवाच्या पाठीवर आहे. कुंड भरलं की कासव नंदीला घेऊन पोहतंय असं दिसतं. "ज्यानं हे योजलं, त्याला नमस्कार," म्हणत त्यांनी खरोखर हात जोडले.

धरणाच्या काठाने, कमळगड समोर ठेवून थोडं पुढे जाऊन आम्ही परतलो.

गाडीत आजोबांनी विचारलं, "ही नदी खाली जाते तिकडं दगडाचं काम आहे का?" मी संगम माहुलीची देवळं सांगितली, लिंबची बारा मोटेची विहीर सांगितली, शाहू महाराजांच्या काळातली, पोटात चक्क महाल असलेली. दादांनी तिथल्या तिथे महाबळेश्वरच्या हॉटेलला फोन करून एक रात्र कमी केली. सकाळी सातला निघायचं ठरलं. उतरताना आजोबांनी मला मोठी बॅटरी आणायला सांगितलं. महालातलं कोरीव काम त्यांना जवळून बघायचं होतं.