खान्देशातल्या मोडीच्या पोत्यांत दोन दिवस

डिसेंबरात दोन दिवस काढून केवळ जुन्या वस्तू धुंडाळायला जळगाव आणि धुळे गाठलं. पहिली गोष्ट आधीच सांगते: इकडे 'अँटिक' अशी पाटी शोधत फिरू नका. ऐवज सापडतो तो भांड्यांच्या दुकानात, मागच्या पोत्यांत. नवी भांडी घेताना लोक जुनं तांबं-पितळ मोडीत देतात. धनत्रयोदशीला आणि लग्नसराईत ही पोती भरतात आणि काही दिवसांत भट्टीकडे जातात, म्हणून दिवाळीनंतर लगेच जावं. एप्रिल-मेमध्ये मात्र नकोच, ऊन सोसवत नाही.

जळगावात सुभाष चौकातून सराफ बाजारात शिरले. इथे जुने रुपये दाखवतात. जुना चांदीचा रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅमचा. १९४० पासून त्यातली चांदी जवळपास निम्म्यावर आली, १९४७ चा तर निकेलचा आहे आणि तो चुंबकाला चिकटतो. खिशात छोटं चुंबक ठेवा. पितळेचा मुलामा दिलेलं लोखंडही त्यानेच ओळखू येतं. मी घेतला तो साधा भोकाचा पैसा. युद्धात तांबं वाचवायला १९४३ पासून तो पाडला. लहानपणी आजीच्या करगोट्यात पाहिला होता, त्यामुळे हातातून सुटेना.

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने धुळे, नव्वदेक किलोमीटर. आधी राजवाडे संशोधन मंडळाचं संग्रहालय पाहिलं. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले, त्यांच्या नावाची ही संस्था. सुट्टी आहे का, ते आधी विचारून जा. खरी जुनी वस्तू कशी दिसते हे डोळ्यांत भरून घेतलं की बाजारात नजर आपोआप थांबते.

मग भांड्यांची पेठ. एका दुकानात पोतं उपसायची परवानगी मागितली, तर दुकानदार म्हणाला, "बसा ना ताई, सावकाश पाहा." तासभर बसले. अडकित्ते, चेपलेले गडवे, पानपुड्यांची झाकणं. तळाशी एक छोटं पितळी माप निघालं. आत बसलेल्या त्याच्या आईने ते हातात घेतलं: "हाई चिपटं शे, माय." आणि बोटांवर मोजून दाखवलं: दोन निठव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. वजनमापं मेट्रिक झाली तरी तिच्या बोटांवर हे सगळं शाबूत होतं. माझ्यासाठी अख्ख्या फेरीतला ऐवज हाच.

भांड्यावर टिंबांनी कोरलेलं नाव जरूर वाचा. शके लिहिलेला असेल तर ७८ मिळवा, इसवी सन मिळतो. माझ्या चिपट्यावर शके १८५१ आहे, म्हणजे १९२९. नावाची पहिली दोन अक्षरं घासून गेली आहेत. चिंच लावून लख्ख करू नका, उरलेली अक्षरंही जातील.

भाव वजनावर ठरतो. मोडीच्या दरापेक्षा थोडं जास्त द्यायची तयारी ठेवा, सुटे पैसे न्या. दगडी मूर्ती कुणी दाखवली तर हात लावू नका. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरच्या पुरावस्तू खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाहीत, परदेशातल्या नातेवाइकांसाठी घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

चिपटं आता तांदळाच्या डब्यात असतं. आम्हा दोघांच्या भाताला ते एक भरून पुरतं.