हातांचं काय करायचं?

एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या कुणालाही विचारा, स्मरणचित्राच्या पेपरात सगळ्यात मोठं संकट कुठलं? विषय ‘आठवडी बाजार’ असो नाहीतर ‘बसथांबा’, माणसं काढावीच लागतात आणि माणसांना हात असतात. मग ज्याची त्याची युक्ती. पुरुषांचे हात खिशात. बायकांचे पदराखाली. भाजीवालीचे टोपलीच्या पलीकडे. शाळकरी पोरं सगळी पाठमोरी. आमच्या वर्गातल्या एका हुशार मुलीने तर बाजारात धो धो पाऊस पाडला आणि झाडून सगळ्यांना इरल्यात घातलं. तिला ‘अ’ श्रेणी मिळाली.

चाळिशी उलटल्यावर पुन्हा चित्रं काढायला लागले, तेव्हा ठरवलं की आधी हातच काढायचे. रोज, पाठकोऱ्या कागदांवर, आणि तेही बॉलपेनने. कारण खोडरबर जवळ असला की निम्मा वेळ त्याच्यातच जातो. मॉडेलची अडचण नव्हती. डावा हात सांगाल तसा बसतो, चहा मागत नाही, ‘झालं का’ म्हणून विचारत नाही. (डावखुऱ्यांनी उजवा समजावा.) कागदावर मात्र मनगटाला मुळ्यांची जुडी बांधल्यासारखं काहीतरी उमटायचं.

सराव म्हटलं की आपल्याला शुद्धलेखनाची वही आठवते: रोज दहा ओळी काढा, आपोआप सुधाराल. हातांच्या बाबतीत तसं होत नाही. नुसतं गिरवत राहिलं तर मुळेच जास्त सफाईदार येतात. मध्येच थांबून हात म्हणजे नेमकं काय आहे हे बघावं लागतं. हाडं 27: मनगटात 8, तळव्यात 5 आणि पेरांची 14, कारण अंगठ्याला पेरं दोनच. बोटं वाकवणारे आणि ताठ करणारे मोठे स्नायू तर बोटांत नसतातच. ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात, बोटांत पोचतात त्या नुसत्या त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या. खोटं वाटत असेल तर एका हाताने दुसरा हात कोपराच्या जरा खाली धरा आणि बोटं हलवून बघा, आत वळवळ लागते. हे कळल्यावर मी बोटं गुबगुबीत काढायची सोडली. दुसरी गंमत अशी, की तेच बोट मागून लांब दिसतं आणि तळव्याकडून आखूड. तळव्याच्या बाजूने पहिलं पेर जवळजवळ निम्मं आत बुडालेलं असतं. आणि अंगठा बाकीच्यांच्या रांगेत उभाच राहत नाही. चार नखं समोर दिसत असतील तर त्याचं नख बाजूला तोंड फिरवून असतं. घरात एक असतोच असा.

मापातही आपण हातावर अन्याय करतो. मनगट हनुवटीला टेकवून पंजा तोंडावर ठेवला तर मधलं बोट केसांच्या रेषेपाशी जातं. एवढा मोठा हात काढायला धीर होत नाही. आपल्या मूर्तिकारांना मात्र तो हिशेब पक्का ठाऊक होता. त्यांचा ‘ताल’ म्हणजे चेहऱ्याची लांबी, तेवढाच पंजाही. एका तालाची 12 अंगुळं, आणि नवताल मूर्ती 108 अंगुळांची.

अख्ख्या माणसाचा सराव करायला लोकलसारखी जागा नाही. बसलेली माणसं दोन स्टेशनांपुरती तरी आपली, आणि झोपलेला प्रवासी तर देवच पावला म्हणायचा. पण तिथे बोटं मोजत बसायला वेळ नसतो. दादर आलं की निम्मं चित्र उतरून जातं. म्हणून आधी वजन कुठे आहे ते पकडायचं: कुठल्या पायावर भार आहे, कुठला खांदा पडलाय, मान कुणीकडे कलंडलीय. चार रेघांत एवढं आलं तर नाक-डोळे नसले तरी चालतात. अलीकडे एक पंचाईत झाली आहे. मोबाइलमुळे सगळ्या हातांची एकच पोझ झाली. करंगळी खालून टेकू देतेय आणि अंगठा वर सरकतोय. वहीची पानंच्या पानं तशीच. दांडीला लटकलेला एखादा हात दिसला की बरं वाटतं.

खरं अवघड प्रकरण म्हणजे रिकामा हात. काहीच न करणारा, मांडीवर नुसता पडलेला. कामात असलेला हात स्वतःच सांगतो, जोर कुठे आहे, कुठलं बोट नुसतं सोबतीला आहे. हळदणकरांची ती दिवा घेतलेली बाई आठवा. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं ते चित्र कित्येक जण रविवर्म्याचं समजतात, पण ते सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे, आणि तेही जलरंगातलं, जिथे चुकलं तर झाकायला फारशी सोय नसते. दिव्यासाठी उभी राहिली ती त्यांचीच मुलगी. सगळे त्या चेहऱ्यावरच्या उजेडाचं कौतुक करतात. मला आडोसा धरलेला हात बघायचा असतो. ज्योतीच्या उजेडाने बोटांच्या कडा लालसर झाल्या आहेत, आतलं रक्त दिसावं तशा. ज्योत विझू द्यायची नाही एवढं एकच काम त्या हाताला आहे. त्या बाईने दोन्ही हात नुसते खाली सोडले असते तर चित्र बघायला कुणी म्हैसूरपर्यंत गेलं असतं असं मला वाटत नाही.

तेव्हापासून मी कामातले हात शोधत असते. गजरेवालीचा दोरा ओढणारा अंगठा. पाकळ्या काढताना मोदकाभोवती गोल फिरणारी, चिमटीतली बोटं. घरात आईचे. तिचे सांधे आता जाड झालेत, करंगळी पूर्ण सरळ होत नाही, आणि चित्राच्या दृष्टीने असे हात म्हणजे चंगळ. तिला ते पटत नाही. “माझे काय काढतेस, नखांत हळद गेलीय. सुनेचे काढ, छान आहेत.” सुनेचे छानच आहेत. म्हणून तर येत नाहीत.

परवा ती भाजी मोडत बसली होती तेव्हा समोर बसून काढलं. या वेळी चिमूट जमली. शेंगेचं टोक धरून शीर ओढतानाचा तो हलका हिसकाही आला. तिला दाखवलं. चष्मा लावून, कागद लांब धरून तिने बराच वेळ बघितलं.

“हात माझेच आहेत हो,” ती म्हणाली. “पण ही गवार आहे का फरसबी?”