मावझर ९८: फुटणाऱ्या ग्रुपचा चोर सापडला

लाकडी स्टॉक (दस्ता) स्वतःच्या मापाला बसवून घेतलेली माझी जुनी मावझर ९८ रायफल: शंभर मीटरवर पाच राऊंड, आणि सगळ्यांत लांबच्या दोन भोकांमधलं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर ३२ मिलिमीटर. नळी तापल्यावर मारलेला पुढचा ग्रुपही (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) त्याच जागी बसला. मागची नोंद वाचलेल्यांना यात एवढा आनंद कसला, हे सांगायला नको. तेव्हा रायफल खांद्याला झकास बसत होती, पण कागदावर ग्रुप फुटत होता: तीन राऊंड एकत्र आणि उरलेले दोन चांगले सात सेंटिमीटर वर, उजवीकडे. कधी याच्या उलट. झिरो करायचा, म्हणजे स्कोपचा नेम गोळीच्या जागेशी जुळवायचा, तरी कशावर?

आधी हाताळणीचं उरकतो, कारण ते काम मनासारखं झालं. लेंथ ऑफ पुल (ट्रिगरपासून बटच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या भागाच्या, टोकापर्यंतचं अंतर) ३५२ मिलिमीटरवरून ३३७ वर आणली, रिकॉइल पॅड (बटच्या टोकाची रबरी गादी) धरून. जाड जाकीट घातलं की बट काखेत अडकायचं, ते पूर्ण थांबलं. फोर-एंडची (नळीखालच्या पुढच्या लाकडाची) रुंदी ४६ वरून ४१ वर आली आणि आता बोटं खरोखर त्याच्याभोवती वळतात. ग्रिपच्या उजव्या बाजूचं लाकूड थोडं खाली घेतलं, त्यामुळे मनगट मुरगळल्याशिवाय बोट ट्रिगरवर सरळ येतं. चीक पीस (गाल टेकायचा उंचवटा) ११ मिलिमीटर वर आहे आणि त्याच्या पुढच्या टोकाला खाच आहे, म्हणजे बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) पूर्ण मागे आला तरी घासत नाही आणि सफाईसाठी काढायचा झाला तर चीक पीस उतरवावं लागत नाही. ही खाच काणशीने थोडी थोडी वाढवत, दर वेळी बोल्ट मागेपुढे करत केली. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायचे: स्कोपमध्ये पूर्ण गोल चित्र, कडेला काळी सावली नाही. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा उगाचच पुन्हा पुन्हा करून पाहत बसलो.

लेंथ ऑफ पुल कमी करणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नका. बट आखूड झालं की चेहरा स्कोपच्या जवळ येतो. बहुतेक हंटिंग स्कोपचा आय रिलीफ (पूर्ण चित्र दिसण्यासाठी डोळा आणि भिंग यांत लागणारं अंतर) ७५ ते ९० मिलिमीटर असतो आणि ३०-०६ काडतुसाचा झटका भुवई फोडायला पुरेसा आहे. मी स्कोप रिंगमध्ये १५ मिलिमीटर पुढे सरकवला. जुन्या मावझरची पंखासारखी सेफ्टी बोल्टच्या मागच्या टोपणावर वरून फिरते आणि खाली बसवलेल्या स्कोपला आपटते. त्यामुळे बाजूला चालणारी लो-स्विंग सेफ्टी लागते. ते काम परवानाधारक गनस्मिथकडून करून घेतलं. सेफ्टी आणि ट्रिगर यांना घरच्या बाकावर हात लावायचा नाही, हे माझं मत कायम आहे. माझं क्षेत्र लाकूड. त्यातही आधी चेंबर रिकामं असल्याची खात्री, मग बोल्ट काढून दुसऱ्या खोलीत, आणि मगच स्क्रूला हात.

आता मुख्य दुखणं.

ग्रुप फुटला की संशयितांची यादी ठरलेली असते: स्कोप, माउंट, नळीचा क्राउन (तोंडाची कड), नळीला टेकणारं लाकूड, बेडिंग (धातूच्या भागाची लाकडातली बैठक). स्कोपवर पहिला आळ घेतला, कारण तो तपासणं सगळ्यांत सोपं. दुसऱ्या रायफलवर चोख चालणारा स्कोप इकडे बसवला, तरी ग्रुप फुटलाच. माउंटचे स्क्रू जागच्या जागी होते. क्राउन भिंगाखाली स्वच्छ दिसला, कुठे बारीकसाही टवका नाही.

मग फोर-एंड. जाड कागदाची पट्टी दुहेरी करून नळी आणि लाकडाच्या मधून टोकापासून रिसीव्हरपर्यंत (नळी ज्यात बसते त्या मुख्य धातूच्या भागापर्यंत) ओढली, कुठेही अडली नाही. पण फोर-एंड बारीक केलेलं होतं, म्हणून पट्टी आत ठेवून टोक हाताने दाबून पाहिलं. पट्टी धरली गेली. म्हणजे सँडबॅगवर वजन पडलं किंवा स्लिंगचा ताण आला की लाकूड नळीला टेकू शकत होतं. सळईभोवती पॉलिश पेपर गुंडाळून चॅनेल (नळीसाठीची लाकडातली खोबण) रुंद केलं, सगळीकडे दीड मिलिमीटर मोकळी जागा झाली. आतल्या उघड्या लाकडाला लगेच फिनिश दिला, कारण लाकूड दमट हवेत धाग्यांना आडवं फुगतं आणि कच्चं राहिलेलं चॅनेल एका बाजूला झुकायला वेळ लावत नाही. हे करायलाच हवं होतं. पण ग्रुपने दाद दिली नाही.

इथे घोडं अडलं. आणि इथूनच डायल गेजने (बारीक हालचाल मोजणाऱ्या काट्याच्या मापकाने) खेळ फिरवला.

ज्यांनी ही तपासणी केली नाही त्यांनी जरूर करावी, यापेक्षा स्वस्त आणि खरं बोलणारं साधन या छंदात नाही. स्टॉक मऊ जबड्याच्या शिकंज्यात उभा धरायचा. गेजचा चुंबकी पाया नळीवर, टोक फोर-एंडच्या कडेवर. दोन्ही अॅक्शन स्क्रू (रिसीव्हर लाकडाला धरणारे) नेहमीच्या टॉर्कवर (पिळण्याच्या ठरलेल्या जोरावर) कसायचे, गेज शून्यावर आणायचा, आणि पुढचा स्क्रू हळूहळू सैल करायचा. रिसीव्हर लाकडात निवांत बसलेला असेल तर काटा फार तर ०.०५ मिलिमीटर हलतो. माझा ०.२ पर्यंत गेला. म्हणजे स्क्रू कसताना रिसीव्हर चक्क वाकत होता. त्याहून विचित्र म्हणजे पुन्हा त्याच टॉर्कवर कसला की आकडा वेगळा. नुसतं वाकडं बेडिंग असतं तर ते दर वेळी सारखंच वाकडं दिसलं असतं. इथे रिसीव्हर दर वेळी नव्या जागी बसत होता.

दुवा मिळाला तो हाताला. लाकडावर स्क्रू कसताना टॉर्क सावकाश चढतो, शेवटचा पाव फेरा जरा मऊ लागतो. इथे पुढचा स्क्रू मऊपणा न दाखवता एकदम थांबत होता. खट्ट. हा थांबा लाकडाचा नाही, लोखंडाला लोखंड भिडल्याचा आहे. पण भिडत कुठे होतं? मावझरमध्ये मॅगझिन बॉक्स (काडतुसांची पेटी) आणि ट्रिगर गार्ड एकसंध असतात, आणि बॉक्सची वरची कड रिसीव्हरच्या पोटाखाली येऊन थांबते. त्या दोघांत किंचित फट हवी. बॉक्सच्या कडेला काजळी लावली, सगळं जोडलं, टॉर्कवर कसलं, पुन्हा उघडलं. मागच्या डाव्या कोपऱ्यात काजळी पुसून नखाएवढा चकचकीत पट्टा उमटला होता, आणि रिसीव्हरच्या पोटावर त्याच्या नेमकं समोर काळा ओरखडा. इतके दिवस पाणी इथे मुरत होतं!

कारण समजलं की सगळं जुळून येतं. लष्करी मावझरच्या स्टॉकमध्ये मागच्या स्क्रूभोवती पोलादी नळकांडं असायचं, म्हणजे स्क्रू कितीही कसला तरी गार्ड आणि टँग (रिसीव्हरची मागची शेपटी) यांच्यातलं अंतर बदलत नसे. माझ्या स्पोर्टर (शिकारी घडणीच्या) स्टॉकमध्ये पुढे-मागे दोन्हीकडे नुसतं लाकूड. वर्षानुवर्षं कसून कसून आणि बंदुकीचं तेल मुरून ते लाकूड दबलं, गार्ड वर सरकला आणि एका कोपऱ्यात बॉक्स रिसीव्हरला टेकला. टॉर्क रेंच म्हणतो कसलं गेलंय, पण तो जोर दोन धातूंमध्ये अडकलेला. लाकडावर पकड नाहीच. मग प्रत्येक झटक्याला रिसीव्हर केसभर सरकतो आणि पुढचा राऊंड नव्या पत्त्यावर जातो.

बॉक्सची कड काणशीने ०.४ मिलिमीटर उतरवणं हा झटपट उपाय होता, आणि ओळखीच्या एका अनुभवी नेमबाजाने तोच सुचवला. मला तो पटला नाही. लाकूड दबायचं थांबलेलं नाही. आज फट केली तर काही वर्षांनी ती पुन्हा बुजणार. अंतर लाकडाच्या भरवशावर सोडायचंच नाही, हा पिलर बेडिंगचा (स्क्रूभोवती धातूची नळकांडी घालण्याचा) सगळा मुद्दा, म्हणून पिलरच घातले.

तयार पिलर मागवले त्यांची टोकं अक्षाशी काटकोनात नव्हती. सपाट काचेवर उभे केले तर डोलत होते. परत पाठवले आणि लेथवर अॅल्युमिनियमचे करून घेतले, बाहेरचा व्यास १२ मिलिमीटर. आतलं भोक स्क्रूपेक्षा मिलिमीटरभर मोठं ठेवलं. हे फार महत्त्वाचं आहे. स्क्रूचं काम फक्त खाली ओढण्याचं. तो पिलरला घासायला लागला तर झटका रिकॉइल लगऐवजी (रिसीव्हरखालच्या, झटका झेलणाऱ्या उंचवट्याऐवजी) स्क्रू घेतो आणि सगळी मेहनत वाया. लांबी ठरवण्यासाठी लाकडाखाली पातळ पत्र्याचे तुकडे घालत गेलो, बॉक्सवर ०.४ मिलिमीटरचा फीलर गेज (फट मोजायची पट्टी) सहज फिरेपर्यंत, आणि मग गार्ड ते रिसीव्हर हे अंतर मोजलं. भोकं बाकावरच्या ड्रिलवर, जुन्या स्क्रूच्या अक्षावर. हातातल्या ड्रिलने हे काम करू नये.

इपॉक्सी मी दाट, पोलाद मिसळलेलं वापरतो. डेव्हकॉनची पुट्टी मला सगळ्यांत विश्वासाची वाटते, कारण ती जिथे लावली तिथेच राहते. पातळ इपॉक्सी सुंदर भरतं, पण मॅगझिनच्या खाचेतून वाहून ट्रिगरच्या जागेत उतरतं आणि मग ते कोरत बसावं लागतं. रिसीव्हरला मेणाचे पातळ हात, दर वेळी वाळवून आणि घासून. प्रत्येक खड्डा आणि खाच प्लास्टिसिनने बंद. रिकॉइल लगच्या पुढच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंना टेपचे दोन थर, मागची बाजू तशीच, कारण झटका फक्त मागच्या पृष्ठभागाने घ्यायचा आहे. नळी चॅनेलच्या मधोमध राहावी म्हणून फोर-एंडच्या टोकाशी तिच्यावर टेपचे वेढे. स्क्रू फक्त जागेवर धरण्यापुरते फिरवले. इपॉक्सी ओलं असताना ते कसले तर तोच ताण कायमचा साच्यात उतरतो.

दुसऱ्या दिवशी स्क्रू काढून नळीला रबरी हातोडीने हलकेच ठोकलं. एक बारीक टक्क, आणि रिसीव्हर सुटला. जीव भांड्यात पडला. खाली राखाडी, आरशासारखं बेडिंग, रिसीव्हरवरचा आकड्यांचा शिक्का उलटा त्यात उमटलेला. लगच्या मागच्या भिंतीवर एकसुद्धा बुडबुडा नाही.

दोन्ही स्क्रू ४.५ न्यूटन-मीटरवर कसून पुन्हा डायल गेज लावला. ०.०३. सैल केलं, कसलं, पुन्हा ०.०३. शेवटी कागदावर वर सांगितलेले ३२ मिलिमीटर. शंभर मीटरवर एक एमओए (अंशाचा साठावा भाग) म्हणजे साधारण २९ मिलिमीटर, तेव्हा या जुन्या नळीकडून मी याहून जास्त मागणार नाही. इपॉक्सी आणि पिलर धरून वजनात फरक नगण्य आहे.

पुढचा बेत होता बट आतून पोकळ करून वजन उतरवण्याचा. पण काल तोल तपासला. बट आखूड झाल्यापासून तोलाचा बिंदू पुढच्या अॅक्शन स्क्रूच्या ३० मिलिमीटर पुढे गेलाय, आणि बट पोकळ केलं तर नळीकडचं टोक आणखी जड वाटणार. रायफल हातात चपळ वाटते ती तोलामुळे. आकडा कमी झाला आणि तोल बिघडला तर उपयोग काय? म्हणून बटला आता हात लावत नाही. वजन काढायचं ते फोर-एंडमधून, चॅनेलच्या तळाशी लांबट खाचा घेऊन.

हे लिहिता लिहिताच सुचतंय की त्याच खाचांमध्ये कार्बन फायबरच्या नळ्या इपॉक्सीत बसवल्या तर दोन्ही कामं होतील. लाकूड निघून वजन उतरेल आणि बारीक केलेल्या फोर-एंडला हवा असलेला ताठपणाही मिळेल, मग स्लिंग कितीही ताणली तरी ते नळीकडे झुकणार नाही. १० मिलिमीटर व्यासाच्या दोन नळ्या शेजारी-शेजारी मावतील का, ते मोजायचंय. फोर-एंडच्या भिंती आता तशा पातळच आहेत, कदाचित ८च्याच घ्याव्या लागतील. नळ्या बसल्या तर स्लिंगचा पुढचा स्टड खालून काढून डाव्या बाजूला फ्लश कप (लाकडात सपाट बसणारी, स्लिंग अडकवायची वाटी) बसवण्याचाही विचार आहे, म्हणजे पाठीवर रायफल आडवी न फिरता अंगाला लागून राहील. मात्र कपमागे किती लाकूड उरतं ते खाचा घेतल्यावरच कळेल.

बोल्टवर मोठा नॉब लावण्याचा बेत रद्द. ज्या आकाराचा मनात होता तो बोल्ट उचलताना स्कोपच्या मागच्या कडेला लागतो आणि स्कोप वर उचलला तर चीक पीसची उंची पुन्हा पहिल्यापासून ठरवावी लागेल. कोणी लहान, मागे झुकलेला नॉब मावझरवर बसवला असेल तर दांड्याची लांबी आणि स्कोपच्या मागच्या बेलचा (डोळ्याकडच्या रुंद भागाचा) व्यास, दोन्ही कळवा.