तोंड झाकायचं कामून?

ऊसतोड करणाऱ्या बायकांवरची आमची फिल्म ६८ मिनिटांची आहे. २०१९ च्या हंगामात शूटिंग सुरू झालं आणि तीन हंगाम चाललं. फिल्म कशी केली हे लोक विचारतात, पण ती झाल्यावर घेऊन फिरायचं म्हणजे काय, हे सहसा कुणी विचारत नाही. अलीकडं नव्या मुलामुलींचे त्याबद्दल फोन येतात आणि फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

विषय बीड जिल्ह्यातला. तिकडं जोडप्याला ‘कोयता’ म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यांची उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) एकत्र, हिशेबही एकत्र. सहा महिने दुसऱ्याच्या रानात कोप (झोपडी) घालून राहायचं. एक दिवस काम चुकलं तर खाडा, आणि खाड्याचा दंड. मग पाळीचा त्रास होतो, अंगावरून जातं, बाई दवाखान्यात जाते, आणि तिला सांगितलं जातं की पिशवी (म्हणजे गर्भाशय) काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. २०१९ मध्ये हे वर्तमानपत्रांत गाजलं. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. हा आकडा आमच्या फिल्मच्या सुरुवातीला काळ्या पडद्यावर येतो. पुढं ज्या ज्या हॉलमध्ये कुणी उठून ‘आकडा कुठला?’ असं विचारलं, तिथं ‘सरकारी समितीचा’ एवढंच सांगितलं की तो प्रश्न मिटायचा.

फिल्मच्या मध्यभागी एक बाई आहेत. त्यांना आम्ही आक्का म्हणतो. पहिल्या मुलाखतीच्या वेळी मी त्यांना विचारलं होतं, ‘आक्का, चेहरा दाखवू की धूसर करू?’ त्या तडक म्हणाल्या, ‘तोंड झाकायचं कामून? म्या काय चोरी केलीय का?’ मी ते वाक्य फिल्ममध्ये ठेवलं. संमतीपत्रावर त्यांनी सही केली, सावकाश, एकेक अक्षर जुळवत. त्या सहीची गोष्ट पुढं येणार आहे.

फिल्म पुरी झाल्यावर पहिलं काम सबटायटलांचं. ‘पिशवी’ या एका शब्दावर आम्ही दोन आठवडे अडून बसलो. डॉक्टरी शब्द घातला तर परदेशातल्या प्रेक्षकाला लगेच कळतं, पण मग बाई शिकल्यासारखी बोलते. तिच्या तोंडी तर पिशवी आहे: रिकामी करायची, काढून टाकायची वस्तू. डॉक्टरही तिच्याशी त्याच शब्दात बोललेला असतो, आणि निम्मा घोटाळा त्या शब्दातच आहे. शेवटी आम्ही इंग्रजीतही ‘बॅग’च ठेवलं. एका परीक्षकानं भाषांतर कच्चं असल्याचं लिहून पाठवलं. तरी मी ते बदललं नाही.

मग अर्ज. बावीस महोत्सवांना फिल्म पाठवली, पाच ठिकाणी घेतली. अर्जाची फी, डीसीपी (थिएटरात दाखवायची डिजिटल प्रत), हार्ड डिस्कचं कुरियर हे खर्च फिल्मच्या बजेटमध्ये आधीच धरा. आम्ही धरले नव्हते. दुसरी गोष्ट प्रीमियरची. मोठ्या महोत्सवांना फिल्म पहिल्यांदा आपल्याकडंच दाखवलेली हवी असते. आम्ही मात्र ती सर्वांत आधी आक्कांच्या घरी दाखवली होती, लॅपटॉपवर. फिल्ममधल्या सात जणी, दारं लावून, कुठल्याही पुरुषाला आत न घेता. एका परदेशी महोत्सवानं विचारलं की याआधी कुठं दाखवली का, तेव्हा आम्ही खरं ते कळवलं. त्यांचं उत्तर पुन्हा आलं नाही. यात चूक कुणाची हे मला ठरवायचं नाही, पण परत वेळ आली तर मी तेच करीन. ज्यांच्या अंगावरच्या टाक्यांची गोष्ट आहे, त्यांनी ती ॲमस्टरडॅमसारख्या परदेशी महोत्सवानंतर बघायची, हे मला जमणार नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये केरळात, तिरुवनंतपुरमच्या माहितीपट आणि लघुपट महोत्सवात पहिला मोठा खेळ झाला. महोत्सवात सेन्सॉर सर्टिफिकेट नसलेली फिल्म दाखवायची तर माहिती व प्रसारण मंत्रालयाची सूट लागते. ती आपण मागायची नसते; महोत्सव निवडलेल्या फिल्म्सची यादी आणि सारांश पाठवतो. २०१७ मध्ये याच महोत्सवातल्या तीन माहितीपटांना ती सूट मिळाली नव्हती, त्यामुळं यादी मंजूर होईपर्यंत तिकीट काढू की नको, असं चाललं होतं. सूट मिळाली. कैरळी थिएटरच्या बाहेर रांग बघून माझ्या पोटात गोळा आला. आपल्याकडं माहितीपटाला वीस माणसं जमली तरी आपण खूश होतो, तिथं लोक पायऱ्यांवर बसले होते.

खेळ संपल्यावर एक निवृत्त परिचारिका उठल्या. त्यांनी साधा प्रश्न विचारला: या बायकांचं फक्त गर्भाशय काढलं की बीजांडकोशही? तिशीतल्या बाईचे बीजांडकोश गेले तर हाडं ठिसूळ होतात, हृदयावर परिणाम होतो. पुढं त्यांना औषधं कोण देतंय? माझ्याकडं उत्तर नव्हतं. तीन हंगाम मी त्या बायकांबरोबर होते आणि हा प्रश्न मी एकीलाही विचारला नव्हता. परत आल्यावर सातही जणींना विचारलं. पाच जणींकडं ऑपरेशनचे कागदच नव्हते. एकीनं कागद काढून दाखवला, त्यावर फक्त बिलाची रक्कम होती. तेव्हापासून प्रत्येक खेळानंतर मी हा प्रश्न स्वतःहून मांडते. कुठल्याही पुरस्कारापेक्षा हा प्रश्न मला त्या महोत्सवाची खरी कमाई वाटतो.

महाराष्ट्रात गावोगाव दाखवायची तर सर्टिफिकेट हवंच, कारण तालुक्याच्या ठिकाणी पोलीस पहिला तोच कागद मागतात. अर्ज ऑनलाइन करायचा. फिल्म ७२ मिनिटांच्या आत असली की ती कागदोपत्री लघुपट धरली जाते, आणि बघणारी समिती लहान असते. संवादांचा संपूर्ण मजकूर द्यावा लागतो. आमच्याकडं दोन गोष्टी अनपेक्षित निघाल्या. पहिली बैल. ऊसगाडीला जुंपलेले बैल दिसतात, म्हणून प्राणी कल्याण मंडळाचं पत्र. ते कार्यालय हरियाणात बल्लभगडला. दुसरी मिश्री. पहाटे चुलीपुढं बसून बायका मिश्री लावतात. मिश्री म्हणजे तंबाखू, म्हणून सुरुवातीला आणि मध्ये तंबाखूविरोधी सूचना, शिवाय त्या दृश्यावर खाली पट्टी. हे आधी माहीत असतं तर आमचा दीड महिना वाचला असता, म्हणून इतकं खुलासेवार लिहितेय. अपिलासाठी पूर्वी वेगळं न्यायाधिकरण होतं, ते २०२१ मध्ये रद्द झालं. आता पटलं नाही तर थेट उच्च न्यायालय. आमच्यावर ती वेळ आली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सर्टिफिकेट हातात पडलं आणि आम्ही खेळ लावायला सुरुवात केली.

त्यातला तिसरा खेळ एका तालुक्याच्या गावी, एका कॉलेजच्या हॉलमध्ये होता. आयोजकांना मी सांगितलं होतं की मोबाइलवर शूट करू देऊ नका. त्यांनी माइकवरून सूचना दिली आणि पुढं लक्ष ठेवलं नाही. मीसुद्धा ठेवलं नाही. कुणीतरी आक्कांच्या मुलाखतीची चाळीस सेकंदं उचलली, वर मोठ्या अक्षरांत काहीबाही लिहिलं, आणि ती व्हॉट्सॲपवर सोडली.

आठ दिवसांनी आक्कांचा फोन आला. आवाज बारीक. ‘ताई, माझं तोंड काढा त्याच्यातून.’ पोरीची सोयरीक जमत आली होती. पाहुण्यांच्या मोबाइलवर ती क्लिप पोचली होती.

त्या रात्री टीममध्ये बरीच वादावादी झाली. आक्कांची मुलाखत हा फिल्मचा कणा होता; केरळात लोक बोलले ते तिच्याचबद्दल. शिवाय सर्टिफिकेट मिळालेल्या फिल्ममध्ये बदल केला की तो बोर्डाला कळवून पुन्हा मंजूर करून घ्यावा लागतो, म्हणजे परत पैसे आणि परत थांबणं. आमच्या वकिलांनी संमतीपत्र वाचून सांगितलं की कागद पक्का आहे, कुठल्याही माध्यमात, कायमसाठी असं त्यात स्पष्ट लिहिलंय. एका मित्राची शंका वेगळी होती, आणि ती मलाही छळत होती: हे आक्का बोलतायत की त्यांची टोळी नेणारा मुकादम बोलवून घेतोय? दबावाखाली मागितलेला बदल आपण केला, तर ज्यांना ही फिल्म नकोय त्यांचंच काम आपण केलं असं होईल.

फोनवर हे कळण्यातलं नव्हतं. जानेवारीच्या शेवटी मी सांगली जिल्ह्यात त्यांच्या थळावर, म्हणजे ऊसतोडीच्या मुक्कामी, गेले. पोचले तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते आणि नेमकी ट्रॉली भरायला आली होती. आक्का मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढत होत्या. मी खाली उभी. दोन तास बोलणं झालं नाही. नंतर कोपाबाहेर चूल पेटवून त्यांनी भाकरी टाकली, आणि पिठाच्या हातांनीच सांगू लागल्या. मुकादम बोलला होता, हे त्यांनी लपवलं नाही. ‘त्यो तर बोलनारच. त्याला म्या भीत न्हाई. पर पोरीनं काय केलंय?’ लेक आत गोधडीवर झोपली होती. सतरा-अठराची असेल. मी विचारलं, ‘आक्का, तुमचा आवाज राहू दे का?’ त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि खूप वेळानं म्हणाल्या, ‘आवाज न्हाई कुनी वळखत. ऱ्हाऊ द्या.’

पुण्याला येऊन आम्ही मुलाखत नव्यानं बांधली. चेहरा धूसर करून बघितला, तर त्या खरोखरच चोरी केलेल्या बाईसारख्या दिसायला लागल्या. ते मला सहन झालं नाही. मग जुन्या फुटेजमधून त्यांचे हात शोधले: ऊस कवळ्यात घेणारे, वाढ्याचा पीळ करून मोळी आवळणारे, आणि एका ठिकाणी, अकरा सेकंदं, बांगडीत अडकलेला पाचटाचा तुकडा काढणारे. आवाज तोच, वर हे हात. ‘तोंड झाकायचं कामून’ हे वाक्य मात्र काढावं लागलं. ते काढताना संकलक मैत्रीण उठून बाहेर गेली. फेब्रुवारीत बदल मंजूर झाला. नंतर कळलं की लग्न ठरलं, पण तिथं नाही, दुसरीकडं.

याच सुमारास एका डॉक्टरांची बदनामीची नोटीस आली. फिल्ममध्ये कुठल्याही दवाखान्याचं नाव नाही. एका रस्त्याच्या दृश्यात दोन सेकंद एक पाटी दिसत होती, ती आम्ही पहिल्या कापातच पुसली होती. वकिलांनी दोन पानी उत्तर दिलं, पुढं काही झालं नाही. झोप मात्र महिनाभर गेली. प्रत्येक फ्रेममधल्या पाट्या, गाड्यांचे नंबर, कॅलेंडरवरची नावं एकदा डोळ्यांत तेल घालून तपासा, एवढंच सांगते.

उन्हाळ्यात आम्ही मुद्दाम ऊसपट्ट्यात गेलो. कोल्हापूरकडच्या एका गावात, देवळाच्या सभामंडपात, दीडशे लोक होते, सगळे ऊस लावणारे. फिल्म संपल्यावर एक शेतकरी तावातावानं उठले. ‘आम्ही खुशालीचे वरचे पैसे देऊन टोळी आणतो, तोडीसाठी महिना-महिना कारखान्याचे उंबरे झिजवतो. आमच्या माथी का मारता हे?’ त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी तसं म्हणाले आणि पुढचं काय बोलावं याचा विचार करत होते, तेवढ्यात मागून एक म्हातारी बसल्या जागेवरून बोलली, ‘सहा महिनं त्या बायका तुझ्या रानात हुत्या. हागायला कुठं जात हुत्या, इचारलंस कवा?’ मंडपात कुणी हसलं नाही. शेतकरी खाली बसले. जाताना त्यांनी माझा नंबर घेतला. पावसाळ्यात त्यांचा फोन आला, रानाच्या कडेला दोन पत्र्याचे संडास उभे करायला किती खर्च येईल असं विचारत होते. पुढं त्यांनी ते बांधले का, मी अजून जाऊन पाहिलेलं नाही. या हंगामात जाणार आहे.

२०२४ च्या दसऱ्याआधी, टोळ्या निघायच्या आठवडाभर अलीकडं, आक्कांच्या गावी शाळेच्या भिंतीवर खेळ लावला. या वेळी दारं उघडी, पुरुषही होते. मोबाइल आमच्या पोरांनी दारातच टोपलीत घेतले, कुणी कुरकुर केली नाही. आक्का चौथ्या रांगेत, नातवाला मांडीवर घेऊन. त्यांचा आवाज सुरू झाला तशी शेजारीण त्यांच्याकडं वळली, आक्कांनी तिच्याकडं बघितलंही नाही. भिंतीवर बांगडीतलं पाचट निघालं, तेव्हा इकडं त्यांचा हात आपोआप दुसऱ्या मनगटावर गेला, हे मी पाहिलं.

सामान आवरताना त्या जवळ आल्या. ‘ती पैली फिल्म, तोंडाची, हाय का मोडली?’

म्हटलं, ‘आहे. वेगळ्या डिस्कवर ठेवलीय.’

‘मोडू नका. धाकटीचंबी व्हायचंय अजून. ती गेली नांदायला की म्या फोन करते.’

धाकटी नववीत आहे. डिस्क माझ्या कपाटात आहे, वर त्यांचं नाव आणि फोन नंबर चिकटवलेला.